पहिले दीड सेकंद

संशय घेणं हा माझा धंदा आहे आणि तो मी इमानदारीनं करते. मासिकात येण्याआधी सहा वर्षं मी वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयात होते. दुकानदार ‘काटा अगदी खरा आहे बाई’ म्हणाला, की मी आधी काट्याच्या खाली हात घालून बघायची. ती सवय अंगात इतकी मुरली, की नवरा ‘दहा मिनिटांत आलो’ म्हणाला तरी माझी नजर घड्याळाकडे जाते. त्यानं आता वाईट वाटून घेणं सोडून दिलं आहे. एका दादाच्या बाबतीत मात्र मी कधी काट्याखाली हात घातला नव्हता.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. आमच्या मोटारींच्या मासिकासाठी तो अठ्ठावीस वर्षं गाड्या चालवून बघतोय आणि त्यातली एकोणीस वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून वेळ मोजतेय. जुन्या विमानतळाची एक बंद धावपट्टी आम्हाला भाड्यानं मिळते. गाडी जागेवर उभी करायची आणि तिथून ताशी शंभरचा वेग गाठायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. चार वेळा जाताना, चार वेळा येताना, म्हणजे वारा आणि उतार कुणाच्याच बाजूनं राहत नाहीत. सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट वेळ सोडायची, उरलेल्यांची सरासरी छापायची.

माझ्या मांडीवर मोजणीचा डबा असतो. गाडी तीन सेकंद पूर्ण स्थिर राहिली की त्याचा दिवा हिरवा होतो, आणि मग मी म्हणते, ‘चल.’ त्या शब्दाशिवाय दादानं एकोणीस वर्षांत एकदाही गाडी हलवलेली नाही. त्याची स्वतःची एक रीत आहे. वेळ लावायच्या आधी तो उजव्या पायातला बूट काढून सीटच्या मागे टाकतो आणि नुसत्या मोज्यावर गाडी चालवतो. म्हणतो, ‘गाडी काय म्हणतेय ते पायाला ऐकू आलं पाहिजे.’ कंपन्यांचे इंजिनिअर हसायचे. वेळा बघितल्या की हसणं थांबायचं.

त्या मंगळवारी आमच्याकडे दोन गाड्या होत्या. एक लांबलचक काळी सेडान, मागच्या सीटवर बसलं की पाठ रगडून देणारी. दुसरी पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली हायब्रिड हॅचबॅक, सेडानच्या किमतीत अशा तीन येतील एवढीशी. एका वाचकानं विचारलं होतं, की सिग्नलला या दोन शेजारी उभ्या राहिल्या तर पुढे कोण जाईल? संपादकांना प्रश्न आवडला. मला तो बाळबोध वाटला, कारण उत्तर कंपन्यांनीच छापलेलं होतं. सेडान ६.९ सेकंद, हॅचबॅक ७.६.

हॅचबॅक बरोबर ७.६ला आली. मी दर फेरीनंतर बॅटरी किती उरली तेही बघत होते, कारण एखादी फेरी भरल्या बॅटरीवर आणि दुसरी रिकाम्यावर झाली तर तुलना कसली? त्यातही खोट निघाली नाही. मग सेडान घेतली. तिची सरासरी आली ७.८.

“पुन्हा घेऊ या,” मी म्हणाले.

“आठ फेऱ्या झाल्यात, छोटे. अजून किती? टायर बघ.”

“गाडी एवढी मंद कशी?”

“जड आहे गं.”

“जड आहे ते कंपनीलाही माहीत असेलच ना. जड धरूनच आकडा दिलाय त्यांनी.”

त्यानं खांदे उडवले आणि दार उघडून बाहेर पडला. तेव्हा माझं लक्ष गेलं. दोन्ही पायांत बूट होते. काळे, जाड तळव्याचे, लेस नसलेले, नवे कोरे. घाईघाईत मी सकाळपासून बघितलंच नव्हतं.

“बूट काढला नाहीस?”

“सर्दी झालीय.”

सर्दी नाकाला होते, हे मला चौथीत शिकवलं होतं. पण तो तोवर पाण्याच्या बाटलीकडे गेला होता.

संध्याकाळी ऑफिसच्या गॅरेजमध्ये आणखी एक गंमत झाली. चाचणीच्या गाड्या आठवडाभर आमच्याकडे राहतात आणि रोज रात्री कुणीतरी घरी नेतं, म्हणजे रस्त्यावरचा अनुभवही लिहिता येतो. आलिशान गाडी आली की तिच्यासाठी ऑफिसात जवळजवळ हाणामारी होते आणि दादाचा मान पहिला असतो. त्या दिवशी दादानं हॅचबॅकची किल्ली उचलली. दुसऱ्या दिवशीही. पानांची मांडणी करणारा मुलगा सेडान घेऊन शीळ घालत गेला आणि मी जिन्यात उभी राहिले. मनात पाल चुकचुकली म्हणतात तसं झालं, आणि माझी पाल एकदा बोलायला लागली की थांबत नाही.

बुधवारी दुपारी दोन वाजता मी खिडकीपाशी चहा घेत होते. खाली एक पांढरी गाडी थांबली आणि तिच्यातून दादा उतरला. गाडी चालवत होता हसरा. हॅचबॅकच्या कंपनीचा हा माणूस पत्रकारांशी गोड बोलायचा पगार घेतो. तो कायम हसत असतो म्हणून आम्ही त्याला हसराच म्हणतो. पण त्या दिवशी तो हसत नव्हता. दादाचा हात दोन्ही हातांत धरून त्यानं काहीतरी सांगितलं. दादानं मान डोलावली, हातातला मोठा तपकिरी लिफाफा शर्टाखाली सरकवला आणि आत आला.

“कुठे गेला होतास?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“दाताच्या डॉक्टरकडे.”

“कुठला दात?”

“मागचा.”

“हसऱ्याच्या गाडीतून?”

“वाटेत भेटला. सोडलं त्यानं.” आणि तो टेबलाशी बसून कालच्या गाडीबद्दल लिहायला लागला, मला पाठ करून.

एवढ्यावर मी गप्प बसले असते की नाही कोण जाणे, पण गुरुवारी सकाळी संपादकांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. आमचे संपादक शांत गृहस्थ आहेत. अवघड बोलायचं असलं की आधी चष्मा पुसतात. त्या दिवशी त्यांनी तो दोनदा पुसला.

“ताई, तुमच्या भावाबद्दल विचारलं तर रागावणार नाही ना?”

“विचारा. मग ठरवते.”

“सेडानवाल्यांना मी आकडा कळवला. त्यांचा विश्वास बसत नाही, माझाही बसत नाही. ते एक वेळ ठीक. पण काल संध्याकाळी हॅचबॅकचा तो माणूस एका कार्यक्रमात भेटला. म्हणाला, ‘आमची पोरगी साहेबांच्या गाडीच्या पुढे गेली म्हणे.’ अंक अजून छापायचाय. त्याला कसं कळलं?”

सेडानवाले स्वतःची हार सांगत सुटणार नाहीत. मग आकडे माहीत असलेली माणसं उरली तीन. संपादक, मी आणि दादा.

“मी कुणावर आळ घेत नाही,” ते म्हणाले. “उद्या सकाळी परत धावपट्टीवर जाऊ. मी येतो, सेडानचा इंजिनिअर येतो. गाडी तीच, चालक तोच. आकडा सुधारला तर मंगळवारी काय झालं ते त्यांना मला सांगावं लागेल. नाही सुधारला आणि इंजिनिअरनं स्वतः चालवून दाखवला, तर... तुमच्या भावाला मला ठेवता येणार नाही. आकड्यांखाली तुमचंही नाव असतं, ताई. म्हणून तुम्हाला आधी सांगितलं.”

मी बाहेर आले आणि पाणी प्यायले. मला कुणी विचारलं असतं की तुझा दादा विकला जाईल का, तर विचारणाऱ्याच्या तोंडावर मी दार लावलं असतं. पण बूट नवे होते, लिफाफा होता, दात खोटा होता, आणि आकडा फुटला होता. एवढ्या पुराव्यावर मी एखाद्या दुकानाला टाळं ठोकलं असतं.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. तो अंघोळीला गेला होता. वहिनी स्वयंपाकघरात होती. मला बघून तिनं गॅस बारीक केला आणि आवाज त्याहून बारीक.

“बरं झालं आलीस. तुला काही माहितीय का?”

“कशाबद्दल?”

“त्याच्याबद्दल. अगं, हल्ली मोजे स्वतः धुतो. तीस वर्षांत ज्या माणसानं रुमाल पिळला नाही, तो रोज मोजे धुतो आणि बाथरूममध्ये आतल्या दोरीवर वाळत घालतो. मला हात लावू देत नाही.”

“बाकी?”

“बाकी काय? घरातसुद्धा बूट. झोपेपर्यंत बूट. आणि घालायच्या आधी प्रत्येक बुटात हात घालून चाचपतो, कुणी आत चिठ्ठी ठेवल्यासारखा.” तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. “कुणी आहे का गं? ऑफिसात?”

मला हसू आलं आणि लगेच विरलं. “ऑफिसात मी आहे आणि एक हिशेबनीस बाई आहेत. त्यांना नातवंडं आहेत.”

“नातवंडं असली म्हणून काय झालं?” वहिनी म्हणाली आणि डाव जोरात आपटला.

“दाताचं काही दुखणं आहे का त्याला?”

“दात? परवा अख्खा अक्रोड फोडला त्यानं दातांनी.”

दाराशी बूट होते. अंघोळीपुरतेच त्यानं काढले असावेत. मी वाकून एक उचलला. आत कंपनीचं नाव नव्हतं, आकडा नव्हता. मऊ चामडं, आणि तळाशी पायाच्या आकाराची खोलगट गादी. मापानं करून घेतलेले. हल्ली बूट मापानं कोण करून घेतं, आणि त्याला कोण करून देतं? मी बूट होता तसा ठेवला आणि दादा बाहेर यायच्या आत निघाले. त्याचं तोंड बघायची माझी तयारी नव्हती.

रात्री मला त्याचं एक जुनं बोलणं आठवत राहिलं. पाच-सहा वर्षांपूर्वी मी त्याला चेष्टेनं विचारलं होतं, की तुला मला फसवायचं असेल तर कसं फसवशील? तो म्हणाला होता, ‘ऐंशीच्या पुढे. तिथे पाय एवढासा सैल सोडला तरी अर्धा सेकंद जातो, आणि शेजारच्याला वाटतं गाडीच दमली. सुरुवातीला फसवणारा मूर्ख. सुरुवातीकडे तर सगळ्यांचंच लक्ष असतं.’ तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

शुक्रवारी सकाळी धावपट्टीवर धुकं नव्हतं, वारा नव्हता. माझ्यासारखीला तक्रार करायला काही नव्हतं. संपादक आणि इंजिनिअर कडेला खुर्च्या टाकून बसले. इंजिनिअर तरुण होता आणि हात बांधून असा बसला होता, जणू निकाल त्याच्या खिशात आहे. दादानं सगळ्यांना नमस्कार केला. हसला. गाडीभोवती फिरून टायर दाबून बघितले. बूट पायातच होते.

मी डबा मांडीवर घेतला. दिवा हिरवा झाला. “चल.”

७.८. वळून परत आलो. “चल.” ७.९.

दादाच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुढच्या काचेतून अगदी सरळ बघत होता. मी डब्याच्या पडद्यावरची वेगाची रेघ मोठी केली. आतापर्यंत मी शेवटचा आकडाच बघत होते, हे माझ्या लक्षात आलं. इतक्या वर्षांत दादाच्या रेघेकडे बघायची मला गरजच पडली नव्हती. गेल्या तीन दिवसांत तर मी त्याच्या बुटांकडे बघितलं, लिफाफ्याकडे बघितलं, सगळीकडे बघितलं, आणि जे माझं काम तेच तेवढं राहिलं.

चाळीसपासून शंभरपर्यंत रेघ स्वच्छ चढत होती. ऐंशीच्या पुढे कुठेही ती मऊ पडली नव्हती. कंपनीच्या कागदावरच्या रेघेवर ही ठेवली असती तर दोन्ही एक झाल्या असत्या. जे काही हरवत होतं ते पहिल्या दीड सेकंदात. तिथे रेघ झटकन उडी मारत होती, मग खाली पडत होती, मग परत उडी. पाय एकदम खोल जात होता. मागची चाकं घसरत होती. गाडी स्वतःच ताकद कापत होती. मग पाय उचलला जात होता, तोही जास्त. नवशिक्याची रेघ होती ती.

मग मी मंगळवारची हॅचबॅकची रेघ उघडली. तिच्यात असलं काही नव्हतं. असणारच नव्हतं. त्या गाडीत नुसता पाय पूर्ण दाबायचा, बाकीचं तिचं तीच बघते. चालकाच्या पायाला काही कळायची तिथे गरज नसते.

“तिसरी घ्यायची ना?” दादानं विचारलं.

“बूट काढ,” मी म्हणाले.

“सर्दी...”

“दादा. बूट काढ.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग वाकून त्यानं उजव्या बुटाचा पट्टा सोडला आणि बूट सीटच्या मागे टाकला, नेहमीसारखा. मोज्यातून पांढऱ्या पट्टीची कड दिसत होती.

“समोर बघ,” मी म्हणाले. “इकडे बघायचं नाही.”

“काय पोरखेळ लावलायस? ते दोघं बघतायत.”

“समोर बघ.”

तो समोर बघायला लागला. मी नोंदी करायची पेन्सिल घेतली, खाली वाकले आणि तिचं टोक मोज्यावरून त्याच्या अंगठ्याला टेकवलं. मग दाबलं. मग आणखी दाबलं, इतकं की माझ्या स्वतःच्या पायात कळ आल्यासारखं वाटलं. टोक तुटलं.

“मग?” दादा समोर बघत म्हणाला. “कर ना, काय करायचंय ते. लवकर कर.”

मी सरळ होऊन बसले. मी तुटलेली पेन्सिल त्याच्यासमोर धरली. त्यानं आधी पेन्सिलीकडे बघितलं, मग आपल्या पायाकडे.

“झालं करून?” त्यानं हळूच विचारलं.

मी मान डोलावली.

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग बोलायला लागला, तोही गाडीबद्दल सांगावं तसा, बिनरागाचा. “साखर दोन वर्षांपासून आहे. आठ महिन्यांपूर्वी पायाला मुंग्या यायला लागल्या. म्हटलं, जातील. मग मुंग्याही गेल्या आणि त्यांच्याबरोबर पायही गेला. बुटात खडा होता, तो कळलाच नाही; जखम झालेली मला मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळली.”

“वहिनीला?”

“नाही.”

“आणि हसऱ्याला सांगितलंस?”

“सांगितलं नाही. त्यानं ओळखलं. त्याच्या वडिलांचं असंच झालं होतं, त्यांचा पाय काढावा लागला. मला चालताना बघून त्यानं बाजूला घेतलं. डॉक्टरकडे त्यानंच नेलं, बूटही त्या डॉक्टरनंच करायला लावले. बुधवारी गाडीत तो सारखा पायाचंच काढत होता. विषय बदलायला म्हणून मी आकडा बोलून गेलो. चुकलंच ते.”

“आणि लिफाफा?”

“रिपोर्ट.” तो माझ्याकडे वळला. “तुला काय वाटलं होतं, छोटे?”

मला काय वाटलं होतं ते मी त्याला सांगितलं नाही. ते माझ्या तोंडावर दिसत असणार, कारण त्यानं नजर काढून घेतली. मला इतकी लाज वाटली, की दार उघडून त्या रिकाम्या पट्टीवरून चालत निघून जावंसं वाटलं.

“ऐक,” तो म्हणाला. “त्यांना सांगू नकोस. विकला गेलो म्हणू देत. सहा महिने बाहेर बसवतील, मग दुसरं कुणीतरी बोलावेल. विकल्या गेलेल्या माणसाला लोक परत घेतात गं. पायात जीव नसलेल्याला कोण गाडी देईल?”

“तू रोज हॅचबॅक घेऊन घरी जातोस.”

“ती बरी आहे. पाय उचलला की आपोआप हळू होते.”

“आणि ब्रेक?”

“ब्रेक दिसतो,” तो म्हणाला. “म्हणजे, गाडी थांबताना दिसते ना. त्यावरून कळतं.”

वहिनी त्याच्या शेजारी बसते. रविवारी माझी मुलगीही बसते. आणि मी, काट्याखाली हात घालणारी, त्याच्या शेजारी ताशी शंभरनं जात होते आणि मनात बूट कुणी दिले याचा विचार करत होते. नको तो संशय मी पोटभर घेतला आणि हवा होता तो घेतलाच नाही.

पलीकडे संपादक उभे राहिले होते. दादानं हात करून त्यांना ‘एक मिनिट’ अशी खूण केली, गाडी सुरुवातीच्या रेघेवर आणून उभी केली आणि पाय पेडलवर ठेवला. ठेवताना खाली बघून ठेवला.

“चल म्हण,” तो म्हणाला. “संपवून टाकू.”

एक, दोन, तीन. डब्यावरचा दिवा हिरवा झाला. मी काही बोलले नाही.

“छोटे, हिरवा आहे.”

मला दिसत होता. मी डब्यावर हात ठेवून गप्प बसले. तो वाट बघत राहिला. मी कितीही वेळ गप्प राहिले असते तरी त्यानं गाडी हलवली नसती, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. इंजिन घरघरत होतं. त्याचा जबडा आवळलेला होता. मला वाटलं, आता हा मला शिव्या देईल. त्यानं हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

मग तो उतरला. एका पायात बूट, एका पायात मोजा, असा गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि दार उघडून म्हणाला, “सरक तिकडे.”

“मी?”

“एकोणीस वर्षं फुकट बसलीस का शेजारी?”

मी चालकाच्या सीटवर सरकले. तो माझ्या जागी बसला आणि डबा त्यानं मांडीवर घेतला. मी माझा उजवा बूट काढला आणि सीटच्या मागे टाकला, तिथे त्याचा होताच.

“पूर्ण दाबायचं नाही,” तो म्हणाला. “आधी नुसता अंगठा. गाडी मागून ढकलायला लागली की पायाला गुदगुली होईल. ती थांबेपर्यंत थांब. मग दे सगळं.”

त्यानं दिव्याकडे बघितलं. “चल.”

पहिली वेळ ७.५ आली. “घाई केलीस,” तो म्हणाला. दुसरी ७.२. तिसऱ्या फेरीला मला ती गुदगुली कळली, तळव्याखाली, अगदी त्यानं सांगितली तशी. उरलेल्या फेऱ्यांत गाडी सातच्या जरा वरच राहिली. आठ फेऱ्यांची सरासरी ७.१. वरचे दोन दशांश कंपनीचे, तेवढी बढाई कंपन्या मारतातच.

म्हणजे सेडानच पुढे जाणार होती, अर्ध्या सेकंदानं. वाचकाला उत्तर मिळालं.

संपादक आणि इंजिनिअर गाडीपाशी आले. इंजिनिअरनं पडद्यावर नजर टाकली आणि बांधलेले हात सोडले. संपादक आधी माझ्याकडे बघत होते, मी कुठल्या सीटवर बसले आहे ते. मग त्यांनी दादाकडे बघितलं. दादा नोंदीचा कागद गुडघ्यावर घेऊन बसला होता. माझी तुटकी पेन्सिल नखानं सोलून त्यानं तिचं टोक काढलं होतं. कागदावर दोन रकाने असतात. चालक, आणि वेळ घेणारा. पहिल्यात त्यानं माझं नाव लिहिलं. दुसऱ्यात स्वतःचं. मग कागद खिडकीतून संपादकांना दिला.

“मंगळवारचा आकडा गाडीचा नव्हता,” तो म्हणाला. “माझा होता. मी विकलो गेलो नाही, साहेब. मला पेडल कळत नाही.”

संपादकांची नजर खाली गेली, त्या मोज्याकडे आणि पट्टीकडे. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. इंजिनिअर उगीचच टायर बघायला मागे गेला.

दादानं डबा माझ्याकडे दिला. “बूट दे गं माझा.”

मी सीटच्या मागे हात घातला. दोन्ही बूट तिथे एकमेकांवर पडले होते. मी त्याचा काढला, आत हात घालून टाचेपासून बोटांपर्यंत नीट चाचपलं, आणि मग त्याच्या हातात दिला.